पाटी घरोघरी, वही कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक वाद ठरलेला असतो. मुलीला टॅब घ्यायचा, छोटा लॅपटॉप घ्यायचा, की आहे त्याच मोबाईलवर भागवायचे? निवडणूक जवळ असेल तर हाच वाद जाहीरनाम्यांत उतरतो आणि तिथे 'किती लाख टॅब वाटले' या आकड्यावर येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, मोबाईलवर आता सगळे होते, संगणकाचा काळ सरला. दुसरी म्हणते, मोबाईलचा पडदा लहान, म्हणून टॅब द्या. तिसरी, जिच्या घरी आधीच लॅपटॉप आहे ती, या दोघींना हसते. आणि तिघीही भांडतात ते रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती मिलिअँपिअरची यावर. यंत्रासमोर बसून नेमके करायचे काय आहे, हा प्रश्न वादात येतच नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रोजच्या कामातले काही काम पाहण्या-वाचण्याचे असते, काही भरण्याचे आणि काही घडवण्याचे. पाहायला फोन पुरतो. वाचायला टॅब उत्तम. पण भरायला आणि घडवायला कळफलक असलेले, पूर्ण पान दाखवणारे आणि फाईल ठेवली तिथेच सापडेल असे यंत्र लागते. घरात फोन आहेच, आणि दुसऱ्या यंत्रावर पंधरा-वीस हजार खर्चायची तयारी आहे, तर ते पैसे या यंत्रावर घालावेत. माणशी टॅबपेक्षा घरटी एक छोटा लॅपटॉप बरा, मग तो वापरलेला का असेना. फोन असलेल्या घरात टॅब नवे काही आणत नाही. आहे तेच थोडे मोठे करून दाखवतो.

फोनच्या बाजूने बोलणाऱ्यांना मात्र कमी लेखून चालणार नाही, कारण त्यांचे निम्मे म्हणणे निखालस खरे आहे. यूपीआय सिमकार्डाला बांधलेले आहे. बँकेत नोंदवलेला नंबर ज्या फोनमध्ये, त्याच फोनवर ते चालते, त्यामुळे देण्याघेण्याच्या व्यवहारात लॅपटॉप फोनच्या पासंगालाही पुरत नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि जागेची नोंद त्यासोबत जायची, हे काम लॅपटॉप बगलेत मारून कोण करणार? विजेचा हिशेबही फोनच्याच बाजूचा आहे. ५,००० मिलिअँपिअर-तासांची फोनची बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॉट-तास. १०,०००ची पॉवरबँक ती दीडेक वेळा भरते. लॅपटॉपची बॅटरी ४५ ते ५० वॉट-तासांची आणि चार्जर ४५ किंवा ६५ वॉटचा. भारनियमनाच्या गावात हा फरक पुस्तकी राहत नाही. शिवाय ज्याने आयुष्यात कधी कळफलकाला हात लावला नाही, त्याला मराठीत बोलून निरोप लिहिता येऊ लागला ही लहान गोष्ट नव्हे. आणि सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे फोन घरात आहे, संगणक नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक होता. गंमत अशी की त्या पाहणीने टॅबलाही संगणकातच धरले होते. म्हणजे कळफलकाचे यंत्र असलेली घरे याहूनही कमी.

मग एक साधा प्रश्न. ज्याच्या खिशात फोन आहे, फोनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे, तोच माणूस मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला झेरॉक्सच्या दुकानात रांग का लावतो? संकेतस्थळ तेच, इंटरनेट तेच, ओटीपी तर येतो त्याच्याच फोनवर. तरी तो शंभर-दोनशे रुपये मोजून दुसऱ्याला अर्ज भरायला लावतो. छपाई हवी असते, आत्मविश्वास नसतो, काही दाखल्यांसाठी सेवा केंद्रातच जावे लागते, ही कारणे आहेतच. पण ती बाजूला काढली तरी मोठा हिस्सा उरतो. दुकानदाराकडे त्याच्याहून जास्त काय असते? दहा वर्षांचा डेस्कटॉप, अक्षरे पुसलेला कीबोर्ड, एक माऊस आणि स्कॅनर. 'मोबाईलवर सगळे होते' हे जर खरे असते, तर ही दुकाने केव्हाच ओस पडली असती. ती ओस पडलेली नाहीत, उलट प्रवेशाच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत उघडी असतात. आणि या रांगेची किंमत शंभर रुपयांवर थांबत नाही. आधारकार्ड, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, वर लॉगिनचा पासवर्ड, हे सगळे त्या दुकानातल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर ७' मध्ये पडून राहते.

फोनवर घोडे अडते कुठे, हे मोजून पाहता येते. ६.७ इंची फोन हा आकडा कर्णाचा असतो. २०:९ प्रमाणाच्या त्या पडद्याची रुंदी भरते जेमतेम ७ सेंटिमीटर. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे पूर्ण पान पडद्यावर बसवले की ते एक-तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे. औषधाच्या पट्टीमागचा मजकूरही याहून मोठा वाटावा. दोन बोटांनी मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवी फेरी घालावी लागते. फोन आडवा धरला तर रुंदी मिळते, पण उंची राहते ७ सेंटिमीटर. ब्राउझरची पट्टी आणि वर आलेला कळफलक त्यातली बहुतेक खातो आणि लिहायला दोन बोटांएवढी फट उरते. दहा-साडेदहा इंची टॅब उभा धरला तर रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर, म्हणजे पान दोन-तृतीयांश आणि अक्षर ८ पॉइंटचे. हे वाचता येते. १४ इंची लॅपटॉपचा पडदा ३१ सेंटिमीटर रुंद. त्यावर पान मूळ आकारात दिसते आणि शेजारी दुसरी खिडकीही उघडी ठेवता येते. ही शेजारची खिडकी फार महत्त्वाची आहे.

का, ते राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशफेरीवरून पाहावे. पर्याय भरता येतात ३०० पर्यंत. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेला लांबलचक सांकेतिक क्रमांक. मागच्या वर्षीचे कट-ऑफ शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये, प्रवर्गांची आद्याक्षरे जोडून बनलेल्या रकान्यांत. शहाणपणाने भरायचे तर एका खिडकीत ती पीडीएफ, दुसरीत स्प्रेडशीट. स्प्रेडशीटमध्ये क्रमांक, महाविद्यालय, शाखा, मागचा कट-ऑफ, अंतर, शुल्क असे रकाने करायचे, मग आपल्या पसंतीने ओळी वरखाली हलवायच्या आणि शेवटी तोच क्रम अर्जात उतरवायचा. लॅपटॉपवर हे एका संध्याकाळचे काम आहे. फोनवर? पीडीएफमधून क्रमांक पाठ करून ब्राउझरमध्ये यावे तोवर ३-४ जीबी रॅमच्या फोनने मागचे पान स्मृतीतून काढून टाकलेले असते. पान नव्याने उघडते आणि भरलेले रिकामे होते, किंवा सत्र संपल्याचा संदेश येऊन पुन्हा लॉगिनवर फेकले जाते. यात फोन बिघडलेला नसतो. कमी स्मृतीत काम भागवण्यासाठी अँड्रॉइड मागची अ‍ॅपे बंद करते, ती त्याची रीतच आहे. नेमकी ती रीत या कामाच्या मुळावर येते, आणि मग पालक तीस-चाळीस पर्याय भरून थांबतात किंवा दुकानदाराने आपल्या मनाने लावलेला क्रम मान्य करतात. चार वर्षांच्या शिक्षणाचा निर्णय पडद्याच्या रुंदीवर ठरावा, याचे वाईट वाटायला हवे.

फोटो आणि सहीचेही तसेच. अर्जाला हवा असतो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा, २० ते ५० केबीत बसणारा फोटो. फोन काढतो तीन-चार एमबीचा. मग 'केबी कमी करणारे' फुकटचे अ‍ॅप शोधले जाते. ते जाहिराती दाखवत फोटो कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर पाठवते, किंवा फोटो इतका दाबते की चेहरा ओळखू येत नाही आणि अर्ज छाननीत परत येतो. काही जण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून लहान करून घेतात. युक्ती नामी, पण आकार नेमका किती व्हावा हे हातात राहत नाही. संगणकावर साध्या पेंटमध्ये चित्र उघडायचे, ३.५ ला ४.५ या प्रमाणात कापायचे, रीसाइझमध्ये रुंदी २७६ आणि उंची ३५४ पिक्सेल द्यायची आणि जेपीजी म्हणून ठेवायचे. इंचाला २०० ठिपके धरले की ३.५ सेंटिमीटरचे २७६ होतात. फाईल बहुधा आपसूक मर्यादेत बसते, आणि पुढच्या अर्जाला तीच फाईल त्याच फोल्डरमध्ये सापडते. फोनवर उतरवलेली पावती मात्र 'डाउनलोड्स'मध्ये गेली, व्हॉट्सअ‍ॅपच्या कप्प्यात गेली की पीडीएफ वाचकाच्या पोटात राहिली, हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

शाळेची पाटी आठवून पाहावी. गिरवायला, बेरजा करायला तिच्यासारखी वस्तू नाही. स्वस्त, हलकी, पुसली की कोरी. पण पाटीवरचे काही साठत नाही आणि आज लिहिलेले पुढच्या आठवड्यात सुधारता येत नाही, म्हणून पुढच्या इयत्तेत वही येते. फोन ही आजची पाटी आहे. ती घरोघरी पोचली हे खरेच मोठे काम झाले. पण तेवढ्यावर वहीची गरज संपली असे जाहीर करणे म्हणजे मुलाला पहिलीतच थांबवणे.

आता टॅब. त्याची बाजू सर्वांत जोरकसपणे मांडायची तर ती अशी: दिवसभर टिकणारी बॅटरी, पंखा नाही, आवाज नाही, डोळ्यांना फोनपेक्षा कितीतरी सोयीचा, आणि पेन चालत असेल तर गणिते-आकृत्या हाताने सोडवता येतात, जे लॅपटॉपच्या कळफलकावर जन्मात जमत नाही. वृद्धांना वर्तमानपत्र वाचायला, लहान मुलांना, वर्गात फिरत शिकवणाऱ्या शिक्षकाला टॅबच बरा. 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेने इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांतल्या जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना डेटासकट टॅब दिले. व्याख्याने पाहणे, पीडीएफ वाचणे आणि सराव परीक्षा देणे एवढेच काम असल्याने ती निवड योग्य होती. माझा आक्षेप हा टॅब म्हणजेच संगणक असे मानण्याला आहे. त्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला की पहिल्याच सत्रात प्रोग्रॅम लिहायचा असतो, प्रयोगाचा अहवाल छापून द्यायचा असतो, स्प्रेडशीटमध्ये आलेख काढायचा असतो. तिथे टॅब खाली ठेवावा लागतो. 'त्याला कीबोर्ड जोडा की' असे कुणी म्हणेल. जोडावा, जरूर जोडावा. पण पंधरा हजारांचा टॅब, वर दोन-तीन हजारांचे कीबोर्डवाले कव्हर, त्यावर माऊस, एवढे करून हाती येतो तो मांडीवर न टिकणारा, एका वेळी दीड खिडकी दाखवणारा लॅपटॉप. तेवढ्यात खराच लॅपटॉप येत असेल तर हा द्राविडी प्राणायाम कशाला?

वाटलेल्या टॅबांचे आणखी एक दुखणे जाहिरातीत दिसत नाही. वापरात नसलेला टॅब उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात पडून राहतो. लिथियमची बॅटरी हळूहळू उतरत पार तळाला जाते. मग आतले संरक्षक सर्किट तिला तोडते, किंवा सेल फुगून पडदाच उचलतो. बॅटरी आत चिकटवलेली, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात ती बदलायला कुणी हात घालत नाही. चार्जिंगचे तोंड ढिले झाले की यंत्र रद्दीत. लॅपटॉपही बिघडतो, पण त्याचा कीबोर्ड, रॅम, डिस्क, बॅटरी सुटी मिळते आणि बदलणारा माणूसही सापडतो.

इथे नेटबुकचा, म्हणजे मागल्या पिढीतल्या छोट्या स्वस्त लॅपटॉपांचा, इतिहास उकरणे भाग आहे, कारण 'छोटा स्वस्त लॅपटॉप ही कल्पना एकदा करून पाहिली, ती मेली' असा दाखला नेहमी दिला जातो. २००७च्या अखेरीस असुसचे ई-पीसी ७०१ आले. ७ इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, ४ जीबी साठवण, लिनक्स, वजन एक किलोच्या आत. ते हातोहात खपले. पुढल्या वर्षी इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आला आणि सगळ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. मग पाचच वर्षांत, २०१२ संपता संपता, असुस आणि एसरने नेटबुक बनवणे थांबवले. मारले कुणी? २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड दाखवताना अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी नेटबुक कुठल्याच बाबतीत सरस नाही असे सांगून टाकले आणि जगाने ते उचलून धरले. पण नेटबुक त्याआधीच आतून पोखरले गेले होते. मायक्रोसॉफ्टने सवलतीच्या दरात विंडोज एक्सपी द्यायचे तर रॅम १ जीबीपुढे नको, अशी अट घातली. मागून आलेल्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर पडद्यावरचे चित्रसुद्धा बदलता येत नसे. पडद्याची उंची ६०० ठिपके. त्यामुळे कित्येक सूचनाचौकटींचे 'ओके'चे बटण पडद्याच्या खालीच राही आणि माणूस एंटर दाबून नशीब आजमावी. महागड्या लॅपटॉपची विक्री खाऊ नये म्हणून स्वस्त लॅपटॉपला मुद्दाम लंगडा ठेवले गेले, आणि तो धावत नाही म्हणून नापास केले गेले. गरज मात्र संपली नव्हती. याचा पुरावा खुद्द अ‍ॅपलने दिला. २०१५ मध्ये आयपॅड प्रोला कीबोर्ड आला, २०२० मध्ये ट्रॅकपॅड आला. नेटबुक मेले म्हणावे, तर हे कोण?

आपल्याकडचा धडा तर आणखी जवळचा आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेटचे अनावरण केले. ७ इंची, जोर देऊन दाबावा लागणारा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून मथळे झाले. वर्गात तो टिकला नाही. त्याच्या तीनच आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, तामिळनाडूने सरकारी शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली होती. त्या योजनेतही गळती होती, काही यंत्रे बाजारात विकली गेली. पण लॅपटॉप विकला जातो याचा अर्थ त्याला बाजारात काही मोल आहे असाही होतो. आकाशच्या वाट्याला तेही आले नाही.

यावर विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की यंत्र दिल्याने शिक्षण होत नाही. हे मान्यच करावे लागते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेची हिरवी-पांढरी यंत्रे २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या छोट्या शाळेतही आली होती. देशभर मात्र ती पसरली नाहीत. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्या वर्षीच या कल्पनेला नकार दिला होता. पेरूने ही यंत्रे लाखांनी वाटली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत काही वाढ दिसली नाही. मान्य. पण हा दाखला माझ्या विरोधात जात नाही, तो वाटपाच्या विरोधात जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती यंत्र देऊन तो आपोआप शिकेल ही आशा वेगळी. आणि अर्ज, हिशेब, अहवाल, नोकरीचा बायोडेटा ही कामे घरातल्या सगळ्यांना घरीच करता यावीत ही गरज वेगळी. शिवणयंत्र घरात आल्याने कुणी शिंपी होत नाही, म्हणून काय सुई-दोऱ्यावरच कपडे शिवायचे?

महिला बचत गटाचेच घ्या. पंधरा सदस्यांच्या गटात दरमहा बचत, दिलेले कर्ज, परतफेड, व्याज, दंड, शिल्लक एवढे रकाने लागतात. फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये एका वेळी तीन-चार रकाने दिसतात. नाव डावीकडे निघून जाते आणि एकीचा हप्ता दुसरीच्या ओळीत पडतो. म्हणून हिशेब वहीतच राहतो आणि बँकेला द्यायचा ताळेबंद दुसराच कुणीतरी पैसे घेऊन करून देतो. लॅपटॉपवर पहिली ओळ आणि पहिला रकाना स्थिर केला, व्याजाचे सूत्र एकदा लिहून खाली ओढले, की दर महिन्याला फक्त हप्ते टंकायचे. हे शिकायला चार दुपारी पुरतात.

आणि मराठीचा प्रश्न. 'आता बोलून लिहिता येते, कळफलक कशाला' हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण लिहिणे म्हणजे पहिला खर्डा काढणे एवढेच नसते. खरे काम दुरुस्तीचे असते. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत जेवणावळीचा फरक आहे, आणि यंत्राने चुकीचा शब्द उमटवला तर तो शेवटी बोटांनीच सुधारावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'र' असतो. 'आचाऱ्यां'तला 'ऱ्य' हवा तर शिफ्ट धरून त्याच कळीवर 'ऱ', मग 'डी'च्या कळीवर हलन्त, मग 'य'. चार-सहा आठवडे रोज अर्धा तास दिला की बोटे न पाहता चालतात. विंडोजमध्ये भाषा-पर्यायांतून मराठी जोडली की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. एका खोलीत पाच जण राहतात तिथे बोलून अर्ज लिहिणे किती जमेल हा प्रश्न आहेच. शिवाय सरकार स्वतः काय मागते? लिपिक-टंकलेखक पदाला आजही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. एकीकडे टॅब वाटायचे आणि दुसरीकडे कळफलकाची परीक्षा घ्यायची, यातली विसंगती कुणाला खुपत कशी नाही? एके काळी तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत तासावर यंत्र मिळे, आणि त्या खडखडाटातून कितीतरी मुली पहिल्यांदा पगारी नोकरीत गेल्या. त्यांना घरी यंत्र परवडत नव्हते, पण कुणी त्यांना 'पाटीवर भागवा' असे सांगितले नाही.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांतल्या फाईली अजून कचेऱ्यांतून फिरतात, तेही लक्षात असू द्यावे. फोनवर ती फाईल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाऊस दिसतो, कारण तो फाँट फोनवर नसतो. संगणकावर फाँट टाकता येतो किंवा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घेता येतो.

मग घ्यायचे काय? नवे आणि सर्वांत स्वस्त, हा मोह टाळावा. बारा-पंधरा हजारांत ४ जीबी रॅम मदरबोर्डलाच डकवलेली आणि ६४ जीबी ईएमएमसी (फोनमधल्यासारखी, तीही डकवलेली) साठवण, असे विंडोज ११ चे नवे लॅपटॉप मिळतात. विंडोज ११ ची कागदावरची किमान अट हीच आहे. पण विंडोजच निम्मी जागा घेते, मोठ्या अपडेटला वीसेक जीबी मोकळी लागते, आणि वर्षभरात यंत्र 'जागा नाही' म्हणत बसते. वाढवावे तर काही वाढत नाही. नेटबुकचीच चूक नव्या वेष्टणात. २०२३ च्या जुलैत १६,४९९ रुपयांना आलेले ९९० ग्रॅमचे जिओबुक याच घराण्यातले, फक्त विंडोजऐवजी स्वतःची प्रणाली घेऊन. ब्राउझरपुरते काम असेल तर अशी यंत्रे चालतात, तेवढेच.

त्याच पैशांत किंवा थोड्या जास्तीत, कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप मिळतात. लेनोव्होचा टी ४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी ५ ही त्यांतली नेहमीची नावे. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, म्हणजे आय ५ नंतरचा आकडा ८ किंवा त्यापुढच्या पिढीच्या अंकाने सुरू व्हावा. त्यामागच्या पिढ्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या पिढीचा लॅपटॉप अगदी स्वस्तात मिळत असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आणि लिब्रेऑफिस हा लिहिण्या-हिशेबाचा मोफत संच टाकावा. अर्ज, पत्रे, हिशेब यांना एवढे पुरते. रॅम ८ जीबी आणि साठवण २५६ जीबी एसएसडी, याखाली उतरू नये. पैसे देण्याआधी दुकानातच बसून एक टेक्स्ट फाईल उघडावी आणि प्रत्येक कळ दाबून पाहावी. पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून डाग शोधावेत. बिजागरी एका हाताने उघडून बघावी. बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्रातल्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नाही ना आणि जुन्या कंपनीचे दूरस्थ कुलूप शिल्लक नाही ना, हे विचारून न थांबता यंत्र पूर्ण रीसेट करून, इंटरनेटला जोडून, पुन्हा सुरू करायला लावावे. कुलूप असेल तर त्या वेळी कंपनीचे नाव पडद्यावर येतेच. विंडोजची पॉवरसीएफजी ही आज्ञा बॅटरीचा अहवाल काढून देते. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरलेली क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे दोन-तीन हजार किमतीतून आधी वजा करून मग घासाघीस सुरू करावी.